पेटुनियाखालचा पाइप

रविवार, ३ मे
आज चर्चमध्ये विचारणा झाली. जूनच्या प्रार्थना-सप्ताहाला बंधू थर्मन आणि त्यांची पत्नी उपदेशाला येणार, उतरणार कुणाकडे? दरवर्षी ऑर्फा स्टिगलचा हात वर जातो, कारण तिच्याकडे दोन बाथरूम. आज माझा आधी गेला. प्रभूनेच उचलला. माझ्या नवऱ्यानं, हार्लननं, असं पाहिलं जणू मी गाय गहाण टाकली. आपल्याकडे एकच बाथरूम, तेही आपल्या झोपायच्या खोलीतून, असं तो वाटेत म्हणाला. संकल्प: मागच्या कोठीत दुसरं बाथरूम बांधायचं. स्वतःच्या हातांनी. प्लंबर नको. परमिटचं काय, असं त्याचं पुढचं. मी म्हटलं, परमिट शहरवाल्यांना. आपल्या केनी क्रीक वस्तीला ना पालिका, ना महापौर. नियम करणारंच कुणी नाही, तर मोडणार कोणता?

मंगळवार, ५ मे
तरी खात्री म्हणून काउंटीच्या कचेरीत फोन केला. बाई गोड होती. म्हणाली, शहराबाहेर स्वतःच्या घरात मालकानं नळ-पाइप टाकले तर आमचं परमिट लागत नाही, पण... एवढ्यावर मी आभार मानून फोन ठेवला. कचेरीतली माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत. नियम मला पूर्ण समजले आहेत.

सोमवार, ११ मे
काम जोरात. कमोड चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणला. जवळजवळ नवा. झाकण वेगळ्या रंगाचं आहे, पण ते उघडल्यावर कुणाला दिसतं? हार्लन पाइप धरतो, मी चिकटवते. धरताना तो शीळ घालतो, तीही कसल्या कसल्या गाण्यांची. स्तोत्राची घाल, असं बजावलं. परसात जुन्या सेप्टिक टँकपर्यंत चर खणून झाला, पाइपही टाकला.

गुरुवार, १४ मे
ऑर्फा अंडी द्यायच्या निमित्तानं आली. चर पाहिला. अगं लव्हॉन, सेप्टिकचं परमिट काढलंस ना, म्हणे. काउंटीला लागत नाही, मी ऐकवलं. काउंटीला नाही गं, आरोग्य खात्याला, असं म्हणून वर हसली. मत्सर माणसाला काय काय बोलायला लावतो! तिच्यासाठी प्रार्थना केली. अंडी ठेवून घेतली.

शुक्रवार, १५ मे
आरोग्य खात्यात फोन. त्या कचेरीतल्या बाईचं 'पण' हेच होतं. शहरातली घाण गटारानं निघून जाते. आपली आपल्याच जमिनीत मुरते, आणि विहीरही त्याच जमिनीत. म्हणून टँकला जोडायचा पाइप त्यांच्या माणसानं बघायचा. मला मनातून हे माहीतच होतं. अर्ज केला. फी हिशेबात 'दानधर्म' खाली टाकली, पाहुणे देवाचेच. पुढच्या गुरुवारी मिस्टर प्रुइट तपासायला येणार. नियम आता खरोखर पूर्ण समजले.

बुधवार, २० मे
उद्या साहेब येणार आणि दारात उघडा चर! आईनं मला असं शिकवलेलं नाही. हार्लन गुरांच्या बाजाराला गेलाय. चर बुजवला, माती चोपली, दंताळं फिरवलं. वर जांभळ्या फुलांची पेटुनियाची रोपं, कडेनं पांढरे गोटे. कंबर मोडली, पण परस असं दिसतंय की बंधू थर्मन तिथंच उभे राहून उपदेश करतील. केकही भाजला.

गुरुवार, २१ मे
प्रुइटसाहेबांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, मग चर कुठाय विचारलं. मी पेटुनिया दाखवले. बराच वेळ बघत राहिले. आवडले असावेत. मग म्हणाले, बाई, पाइपला उतार आहे का, सांधे गळतात का, हे मी फुलांतून कसं बघू? मी म्हटलं, मी पाहिलंय, उत्तम आहे, विश्वास ठेवा. विश्वास रविवारी ठेवतो हो, आज गुरुवार आहे, असं म्हणाले. तपासणीआधी चर कुणी बुजवत नाही म्हणे. (हे कुणी सांगायला नको?) उकरून ठेवा, पाच जूनला येतो, म्हणाले. पाहुणे सहाला!
हार्लन कुंपणाला टेकून इतका हसला की शेवटी बादलीवर बसला.

सोमवार, २५ मे
उकरणं चालू. फुलं डब्यांत. संकल्प: चिडायचं नाही. दुपारी माझं फावडं पाइपला लागलं. हल्लीचे पाइपच नाजूक. तुकडा बदलला. संकल्प उद्यापासून.

शुक्रवार, ५ जून
पास! साहेबांनी उतार मोजला, पाणी सोडून पाहिलं, सही केली. आता बुजवा, पण तुमचा जुना टँक... इथवर मी ऐकलं आणि ऑर्फाला कळवायला फोनकडे पळाले. टँक वापरायच्या आधी उपसून घ्या म्हणाला तो, असं हार्लन जेवताना सांगत होता. इतकी वर्षं नाही उपसला, आठवड्यानं काय बिघडतं? उपसायचे पैसे वाचले, त्यात पाहुण्यांना नवे टॉवेल आले. फुलं परत लावली.

रविवार, ७ जून, सकाळ
पाहुणे काल आले! बंधू थर्मननी गरम पाण्याचं खास कौतुक केलं. आज उपासनेनंतर अख्खी मंडळी जेवायला आपल्याकडे. प्रत्येकीला बाथरूम दाखवणार, फ्लशचा दट्टा दाबायला लावणार. पाणी कसं गरगरत जातं!

त्याच दिवशी, दुपार
पाणी परत आलं. पेटुनियातून. बंधू थर्मन तिथंच उभे राहून अन्नावर आशीर्वाद मागत होते. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना उशिरा कळलं, बूट भिजल्यावर.
ऑर्फा हसली नाही. तेच सहन झालं नाही. होतं गं असं, म्हणाली, आणि पाहुण्यांच्या बॅगा आपल्या गाडीत ठेवल्या. टॉवेल किती मऊ आहेत म्हणत तेही नेले.

संध्याकाळ
टँक तुडुंब. दोन्ही बाथरूम बंद. हार्लन गोठ्यामागे गेलाय. शीळ ऐकू येते आहे. स्तोत्राचीच आहे.