पौर्णिमेची दुसरी भरती

विलोहाइथ, साउथहॅम्प्टनजवळ
१७ मे २००६

तीर्थस्वरूप विष्णूदादांस,

धाकट्या रघुवीरचा साष्टांग नमस्कार. (निघताना रागाच्या भरात पाया न पडताच आलो, तो नमस्कारही यातच धरावा.) तुमचा गुडघा, लीलावतीवहिनींचा दमा आणि आपल्या मिठागराचा बांध यांची खुशाली कळवावी. तिसऱ्याची चौकशी मी प्रथमच करतोय, याचं तुम्हाला नवल वाटेल. "त्या चिखलात काय ठेवलंय, कंपनीला देऊन मोकळे होऊ," असं मीच महिनाभर तुमच्या कानीकपाळी ओरडत होतो आणि तुम्ही विक्रीच्या कागदावर सही न करता शांतपणे सुपारी कातरत बसला होतात.

आमच्या वरदाची नोकरी शहरातल्या हॉस्पिटलात, पण घर या खाडीकाठच्या खेड्यात. एक चर्च, एक पब, पोस्टाचं दुकान, की पुढे नुसतं खाजण. गावात इतिहास मंडळ आहे. त्याच्या अध्यक्ष मिसेस पेनफोल्ड, वय अठ्ठ्याहत्तर, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. शनिवारी त्यांनी मला मंडळींबरोबर फिरायला नेलं आणि गवताखालचे उंचवटे दाखवून हातातला कागद वाचायला घेतला. मला कुठला धीर! हे वाफे, हा बांध, ती पाणी घ्यायची उघाडी, असं मीच सांगत सुटलो. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत इथे मिठागर होतं. (ऊन पुरत नसे, म्हणून खारं पाणी शेवटी कोळशावर आटवत. बिचारे!) मंडळी थक्क झाली आणि मला कौतुकाची नशा चढली.

बांधाच्या टोकाला जुन्या उघाडीची लाकडं आहेत, ती पाणी उतरल्यावरच दिसतात. मी तिथल्या तिथे तिथीची पाऊणपट केली. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वा अकरा; म्हणजे भरती सव्वा अकराला. इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ढकलतात, म्हणजे सव्वा बारा. (वडिलांनी शिकवलेला हिशेब, चुकेल कसा?) साडेबाराला पाणी खरंच चार बोटं उतरलं. मी म्हटलं, चला! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; माझ्यामागे तर चार म्हातारी माणसं आणि एक कुत्रा. टोकाला पोहोचलो आणि पाणी परत चढायला लागलं. दादा, या खाडीला भरती दोनदा येते! एकदा येऊन जराशी ओसरते आणि तासा-दोन तासांत पुन्हा येते. मागचा सखल बांध पाण्याखाली गेला आणि आम्ही दोन तास टोकावर पाणकावळ्यांसारखे उभे. मिसेस पेनफोल्डनी खिशातून भरतीचं छापील वेळापत्रक काढलं. ते पहिल्यापासून त्यांच्याकडे होतं! मी कळवळून विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात, मध्ये कसं बोलायचं?" शेवटी बोट क्लबच्या माणसाने आम्हाला सोडवलं. घरी वरदा कडाडली, "बाबा, चार पेन्शनर्सना घेऊन बुडाला असतात, तर मी व्हिलेजमध्ये काय तोंड दाखवलं असतं?"

पण मंडळातल्या कोणी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. थर्मासमधला शेवटचा चहा त्यांनी मलाच दिला, स्वतःचं ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं आणि रविवारी मला मंडळाचा सभासद करून घेतलं. केव्हाच संपलेल्या मिठाला ही माणसं जागतात, दर वसंतात बांधाच्या कडेचं गवत कापतात. आपल्याकडे तर अजून मीठ पडतंय. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. आणि त्याहून जास्त तुमचे, की तुम्ही सही केली नाहीत. मी तुम्हाला हेकट म्हणालो होतो. चुकलो, दादा.

आपला,
रघुवीर

ता. क. : आपल्या वाफ्यातलं किलोभर मीठ तुमच्या स्वातीबरोबर पाठवावं. ती पुढल्या महिन्यात इकडे येतेय.

आणखी एक ता. क. : मिसेस पेनफोल्डनी चाळीस वर्षं मिठाचा इतिहास सांगितला, पण मीठ पडताना कधी पाहिलं नाही. येत्या फेब्रुवारीत त्या आपल्याकडे येणार. मी बोलावून बसलोय. वहिनींनी तिखट बेताने घालावं.

शेवटचं : माझ्या हिश्शाच्या विक्रीचा, मी सही करून ठेवलेला कागद फडताळात, पंचांगाखाली आहे. कंपनीचा एजंट एकतीस तारखेला न्यायला येईल. त्याआधी तो फाडून चुलीत घालावा. पंचांग मात्र राहू द्यावं. आपल्या खाडीला ते बरोबर लागू पडतं.