वऱ्हाडाची दुसरी गाडी

वाडी, ३ फेब्रुवारी २०२५

ती. भागीरथा आत्यास, रोहितचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. माझा फोन लागत नाही म्हणून घाबरू नको. मीच तो भिंतीवर मारला. काजलनं चार दिवस उत्तर दिलं नाही, डोकं फिरलं. फोन फुटल्यावर कळलं, तिचा रिचार्जच संपला होता. आता आमच्या गोडाऊनचा माल कन्हानला नेणारा पिंटू हीच माझी पोस्ट.

सुशीलदादाच्या लग्नाच्या गाड्यांची काळजी करू नको. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच मले काही काम सांगितलं आहे, त्यात कसूर नाही होणार. कन्हानहून बेसाच्या लॉनपर्यंत एक बस, तीन गाड्या. कोणी कुठं बसायचं ती तुझी यादी मिळाली. फक्त दुसरी गाडी समजली नाही. चालवणार ऋषी, पुढे त्याची आई, मागे आमचे बाबा आणि काजल. काजलच्या तुमच्या गल्लीतल्या साऱ्या मैत्रिणी बसमध्ये, मग ती एकटी तिथं काहून? ऋषी तुझा शेजारी, खाणीत पक्क्या नोकरीवर आहे, हेही मले माहीत आहे. सहज विचारलं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
रोहित

कन्हान, ५ फेब्रुवारी

चि. रोहितास, आत्याचे अ. उ. आ.

सहज विचारलं म्हणतोस आणि ‘काहून’ लिहिताना पेनानं कागद फाटला आहे. मी नवरदेवाची आई, मले इथं पापडापासून पत्रिकेपर्यंत शंभर कामं. तरी ती यादी मी दोन दिवस बसून केली. तुझे बाबा नवरदेवाचे मामा, त्यांचा मान मोठा. त्यांना गाडीत मळमळते, म्हणून सावकाश चालवणारा ऋषी दिला. काजलचं कारण आहे, पण ते कागदावर नाही लिहीत. तुझी पाकिटं पिंटू उघडून पाहते असा मले वहीम आहे, आणि त्याचं रोजचं चहापाणी तुझ्या बाबांसोबत.

बाकी गाड्या तू अन् तुझं डोकं. दुसऱ्या गाडीले हात लावू नको बाप्पा. जेवत जा.

तुझी,
आत्या

वाडी, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हे पाकीट मालाच्या टेपनं तीनदा गुंडाळलं आहे. आता पिंटूनं दातानं उघडावं.

त्यानंच सांगितलं की ऋषीनं गाडीला नवे सीटकव्हर घातले. तू काजलला घेऊन टेलरकडे गेली होतीस. ऋषीच्या आईनं तिला घरी बोलावून चहा पाजला. मी तिला चिठ्ठी पाठवून विचारलं, तर उत्तरात एकच ओळ, आत्याचं ऐक. म्हणजे तिलेही फितवलं.

लग्नाच्या गर्दीत पोरगी दाखवून घ्यायची रीत मले काय नवी आहे? वरून म्हणायचं वऱ्हाड, आतून पाहणी. तुझ्या घरी राहून मी दोन वर्षं कॉलेज केलं, काजल माझ्यासाठी काय आहे हे तुझ्याशिवाय घरात कोणाले माहीत नाही. आणि तूच असं करून राहिली. खरं एका शब्दात कळव. तिला दाखवायचं आहे का?

रागात आहे, तरी पाया पडतो.

रोहित

कन्हान, १० फेब्रुवारी

चि. रोहितास, अ. उ. आ.

एका शब्दात, हो.

कोणाले ते लग्नानंतर सांगीन. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगितलं तर उद्या बाबांपुढे जाऊन भांडशील, कॉलेज सोडलं तेव्हा भांडला तसा. माझ्यावर भरवसा असेल तर गप राहा. नसेल तरी गप राहा.

हळदीचा सदरा धुऊन आण.

आत्या

वाडी, १४ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

गाड्यांची पक्की यादी सोबत आहे. चारही ड्रायव्हरांना प्रती दिल्या, आता फरक होणार नाही. काजल बसमध्ये, तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. दुसऱ्या गाडीत तिच्या जागी तुमच्या नात्यातले विश्वनाथकाका. ते बोलायला लागले की कामठीला घेतलेला श्वास बुटीबोरीला सोडतात. ऋषीनं आणि त्याच्या आईनं ऐकत बसावं.

मी गप राहिलो, जसं तू सांगितलं. गाड्या बोलतील.

रविवारी भेटूच.

रोहित

कन्हान, १८ फेब्रुवारी

चि. रोहितास, अ. उ. आ.

लग्न चांगलं झालं. गाड्या वेळेवर आल्या, एक माणूस मागे राहिला नाही, सारं बेसा तुझं नाव घेत होतं. म्हणून दोन दिवस थांबून लिहिते.

काजलला ऋषीले दाखवायचं नव्हतं. ऋषीचं दिवाळीतच भंडाऱ्याला जमलं. तू ऋषीचं विचारलं असतं तर तेवढं सांगितलं असतं, पण तू विचारत नाहीस, ठरवून मोकळा होतोस. मले ती तुझ्या बाबांना दाखवायची होती. पोरगी पाहायला चला म्हटलं असतं तर कॉलेज कोणामुळं सुटलं हे काढत बसले असते. गाडीत माणूस तासभर कुठं जात नाही. तिनं त्यांच्यासाठी आवळासुपारी करून डबी भरून घेतली होती. ऋषीच्या आईले सारं माहीत होतं, तीच मधून बोलणं काढणार होती. ती डबी बसमध्ये पोरींनी अर्धी केली.

आणि तुझे विश्वनाथकाका तासभर गप बसले नाहीत. त्यांची पोरगी दामिनी लग्नाची आहे. गाड्यांची व्यवस्था पाहून त्यांना तू फार पसंत पडला. बेसा येईपर्यंत त्यांनी अन् तुझ्या बाबांनी पाहणीसाठी येता रविवार पक्का केला.

काजलनं एवढंच सांगायला लावलं की ती वाडीच्या गोडाऊनमधला माल नाही, न विचारता या गाडीतून त्या गाडीत टाकायला. तरी उरलेली डबी पाठवली आहे.

पाकीट पिंटूनं उघडलं तर उघडू दे.

आत्या

वाडी, २० फेब्रुवारी

ती. भागीरथा आत्यास, सा. न. वि. वि.

डबी मिळाली. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि काहीच फोडलं नाही. फोडायला काही उरलं नव्हतं.

काल बाबांनी सांगितलं, रविवारी विश्वनाथकाका घरच्यांना घेऊन येणार, त्यांच्यासाठी चांगली गाडी पाहून ठेव. सोयरीक माझी आणि तिच्यासाठी गाडीही मीच ठरवायची. बाबा किती दिवसांनी हसून बोलत होते. भांडण मले येते, सांगणं येत नाही.

गाडी ठरवली आहे, पण शनिवारची. सुशीलदादा-वहिनीला भेटून येऊ म्हणून बाबांना कन्हानला आणतो. तुझ्या घरी बोलण्यातून काय निघेल ते निघो, काजलला मात्र आधी विचार. तिनं समोर यायचं नाही म्हटलं तर मी चहा पिऊन परत जाईन आणि तुझ्यावर राग धरणार नाही.

बाबांना मात्र सारं वाटेतच सांगणार आहे. कॉलेजचंही. वाडी ते कन्हान तासभर लागते. गाडी मीच चालवणार, सावकाश. यादीत दोनच नावं आहेत आणि आवळासुपारी खिशात आहे.

माझ्यावर भरवसा असेल तर वाट पाहा. नसेल तरी पाहा.

तुझा,
रोहित