रानबिटाची भाजी

माय, आपण जिंकलो. हे आधी सांगून टाकते, कारण घोळवून घोळवून सांगितलेलं तुला कधी आवडलं नाही. वैजापूरकडच्या ज्या वावरात पांढरा खार फुटून गवतसुद्धा धड येत नव्हतं, तिथून आज आम्ही साखरबीट उपटलं. कंद दोन्ही हातांनी धरावे लागले, एवढे भरलेले. वावराचा मालक पेरणीच्या वेळी म्हणाला होता, की मॅडम, बी वायाच घालवायचं असेल तर तुमची मर्जी. आज तोच कंदाच्या फोडी करून येईल त्याला चाखायला देत होता. मी रसाचा थेंब यंत्राच्या काचेवर टाकून गोडी मोजली. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या कंदाची मोजली, मग तिसऱ्याची. पाठीमागे मला रानबिटाची बाई म्हणून हसणारे सगळे तिथं हजर होते, म्हणून तिन्ही वेळा आकडा मोठ्यानं वाचला. हो, मुद्दामच.

आणि हे सगळं निघालं तुझ्या चुलीवरच्या भाजीतून. तेव्हा मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तू फुलंब्रीहून काळीपिवळीनं संशोधन केंद्राच्या शेतावर खुरपायला यायचीस. मी मागच्या बसनं यायचे. शेत एकच, पण तिथं एकमेकींना ओळख दाखवायची नाही, असं आपलं ठरलं होतं. आपलं कसलं, माझंच ठरलं होतं, तू फक्त पाळायचीस. सरांनी परदेशातून रानबिटाचं मूठभर बी मागवलं होतं. समुद्रकाठच्या खाऱ्या वाळूत आपलं आपण वाढणारं हे झाड म्हणजे साखरबिटाचं रानातलं भावंड. त्याची खार सोसायची ताकद आपल्या बिटात आणायची, यावर माझी पदवी आणि सरांची अर्धी नोकरी टांगलेली होती. दिसायला मात्र ते बीट नव्हतंच. कंद नाही, आकार नाही, जमिनीवर लोळणारा नुसता पाला, थेट चंदनबटव्याच्या रानभाजीसारखा. साखरबिटाच्या सरळ ओळींशेजारी हा पसारा बघून तुला वाटलं, शिकलेल्या माणसांना तण काढायला सवड मिळालेली नाही. तू सगळ्या ओळी स्वच्छ खुरपल्यास आणि खुरपणाऱ्या बायकांच्या रिवाजाप्रमाणे निघालेली भाजी ओटीत बांधून घरी आणलीस. एवढं मन लावून कुणी कुणाच्या संशोधनाचा निकाल लावला नसेल.

त्या संध्याकाळी तू चुलीपुढे बसून भाजी निवडते आहेस. सवयीनं एकेक पान चावून बघतेस आणि थांबतेस. "वरल्या अंगाचा पाला अळणी हाय, अन् खालच्या खाऱ्या पट्ट्यातला बघ, शिजवायच्या आधीच खारट. याला मीठ टाकायचंच काम नाय." मी पुस्तकातून डोकं वर न काढता जेवले. भाजी चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोकळ्या ओळी पाहिल्या आणि त्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला. काय खाल्लं ते मला तेव्हा कळलं. सगळ्या बायकांसमोर त्यांनी तुझी अक्कल काढली, वय काढलं, आणि मग आम्हा विद्यार्थ्यांकडे वळून विचारलं, हिला इथं कुणी आणलं, कुणी ओळखतं का हिला? मी वहीत बघत राहिले. तू माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाहीस. "चुकलं साहेब, तण वाटलं," एवढंच म्हणालीस आणि खुरपं घेऊन निघून गेलीस. तुझं ते काम गेलं. रात्री भाकरी थापताना म्हणालीस, "तू गप राहिलीस ते बरं केलंस."

मुळं चिवट होती म्हणून वाचलो. जिथं तुझं खुरपं वरवर फिरलं होतं, तिथं आठवड्याभरात फुटवे आले. खाऱ्या पट्ट्यातली काही झाडं पिवळी, काही हिरवीगार. मला तुझं बोलणं आठवलं. कुणी बघत नाही असं पाहून मी एकेका झाडाचं पान चावत गेले, आणि जे सगळ्यात हिरवं तेच सगळ्यात खारट निघालं. झाड मीठ वर ओढून पानांत साठवत होतं आणि मजेत जगत होतं. आम्ही सगळे मुळं तपासत बसलो होतो! प्रयोगशाळेनं तेच सांगितलं, फक्त दोन महिन्यांनी. त्या झाडांशी साखरबिटाचा संकर करायचा, थंडीशिवाय बीट बी धरत नाही म्हणून रोपं थंड डोंगरात न्यायची, आणलेलं बी खाऱ्या जमिनीत पेरायचं, मरेल ते मरू द्यायचं, यात माझे केस पांढरे झाले. पहिला संकर जमला त्या हिवाळ्यात तू नव्हतीस.

आज कंद मोजून झाल्यावर मला बोलायला उभं केलं. सर आता काठी घेऊन चालतात, त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी भाजीची गोष्ट सांगितली. माझ्या आईनं सरांचा प्रयोग शिजवून खाऊ घातला म्हटल्यावर मंडपातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी म्हणाले, की सरांनी विचारलं, कुणी ओळखतं का हिला, तेव्हा मी पुढं झाले, तुझा हात धरला आणि म्हणाले, ही माझी आई आहे. टाळ्या पडल्या. ती बाई माझी कोण होती हे सरांना आजच कळलं, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता हेही त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही काठी मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या.

ते वाक्य मी तिथं उभ्या उभ्या रचलं नाही, माय. इतकी वर्षं बसमध्ये, वावरात, भांडी घासताना ते मनात म्हणत आले होते, म्हणून असं घडाघडा बाहेर पडलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एवढंही लिहून टाकते. टाळ्या वाजत होत्या तेवढा वेळ, तुझा हात मी खरंच धरला होता असं मला वाटत होतं.