प्राध्यापकांच्या पत्रातलं माझं मरण

१८ जून १९५७
दुपारी पुण्याहून पत्र आलं. पाकिटावर माझ्या लेकीचं, कुसुमचं नाव, पण ती शाळेत शिकवायला गेल्ती आणि मला दम निघाला नाही. फोडलं. तिथल्या शेतकी कॉलेजातल्या प्राध्यापकांनी तिला डॉक्टरेटसाठी आपल्या हाताखाली घेतलं! ज्वारीच्या काणीवर काम. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होते, तो रोग.
खाली एक ओळ. ‘आपल्या मातोश्री हयात नाहीत, हे मुलाखतीत ऐकून वाईट वाटले.’
तीनदा वाचलं. तिच्याच पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले, ते हे वाचायला.
वरण करपलं.

१९ जून
काल बोलवेना. आज पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं. पांढरी पडली.
“त्यांच्या हाताखालच्या आधीच्या दोन मुली घरून बोलावणं आलं म्हणून काम अर्धं टाकून गेल्या. मला म्हणाले, तूही जाशील, घरी आई असेल ना. तोंडातून निघून गेलं.”
“मंग काका मेला म्हणायचं.”
“काकासाठी कोण पोरीला बोलावतं?”
खरंच आहे. हसूही आलं नाही.

२१ जून
ह्यांना जाऊन अकरा वर्षं. रोज तसबीर पुसते. आज पुसताना वाटलं, शेजारी माझी लावायची तेवढी राहिली. कुसुम माझ्याकडे बघत नाही.

२२ जून
शेवटी मीच भांडले. जित्या आईला मारलंस म्हणाले. तर म्हणते, “तारेत तू मरायला टेकलीच होतीस. मी फक्त पुढचं सांगितलं.”
तीन वर्षांमागची तार. ती हैदराबादला कॉलेजात होती, तिथं धाकट्या भावजींनी केली, ‘आई अत्यवस्थ’. पोर परीक्षा टाकून आली, तर दारात तिला बघायला आलेले पाहुणे. मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते, धडधाकट. तिचं वर्ष गेलं. लग्नही जमलं नाही. तार करू का, असं भावजींनी विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. हे आजवर कुठं बोलले नाही.

२४ जून
“खरं कळव त्यांना.”
“कळवलं तर घेणार न्हाईत, आई. बिलकुल न्हाईत.”
“आणि मी पुण्याला कधी यायचंच न्हाई?”
“ये की. मावशी म्हणून.”
बोलून गेली आणि स्वतःच रडायला लागली. मी उठून पाणी दिलं.

२७ जून
पुण्याहून छापील कागद आला. मुलगी काम मध्येच सोडणार नाही, अशी पालकाची हमी. भावजी म्हणाले, “आणा वहिनी, जल्दी सही करून टाकतो.”
म्हटलं, “तुमची एक तार पुरे झाली.”
सही मी केली. नुसतं माझं नाव. त्याखाली रकाना आहे, ‘उमेदवाराशी नाते’.
कुसुम चपला घालून दारात उभी आहे, पाठ करून. टपाल चारला निघतं. म्हणते, “तुला लिहायचं ते लिही. मी बघणार न्हाई.”
‘आई’ की ‘मावशी’, तिथं लिहवेना म्हणून आधी इथं लिहून राह्यले. साडेतीन झाले.