व्हॅक्यूम भरण्याबाबत

कुरखेडा, १२ डिसेंबर

चि. उर्वशीस, अ. आ.

फोनवर मले ऐकू येत नाई, म्हणून पत्र. संक्रांतीले तुले घ्यायले मी स्वतः गडचांदूरले येणार होतो, म्या ज्याच्याकडे डायवर होतो त्या साहेबानं गाव सोडून जातानी देल्ल्या त्या जुन्या परदेशी गाडीनं. पण हीटर घोळ करून राह्यला. गाडी उभी असली का गरम हवा पायाशी येते, चढावर जोर देल्ला का काचेवर पळते. आजारपणापासून थंडीत माहे पाय बधिर होतात, ब्रेक कुठी हाय ते समजत नाई. पाय गरम राह्यले नाई तर येणं होत नाई.

शेजारचा प्रफुल्ल म्हणते का भाऊ, गाडी विका न् घोंगडं घ्या. म्या म्हटलं, माही पोरगी इंजिनिअर हाय.

जेवत जा. माया हायच.

तुहा बाबा, मुखरू

गडचांदूर, १८ डिसेंबर

ती. बाबांस, शि. सा. न.

दोष हीटरचा नाही. हवेची दिशा बदलणारी झडप इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालते. चढावर तो कमी पडतो, म्हणून एका छोट्या टाकीत भरून ठेवलेला असतो. टाकीच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह आहे, तो गळत असावा. काढून तोंडाने ओढून पाहा. एकाच बाजूने हवा आली पाहिजे. टाकी भरलेली राहिली की गरम हवा पायाशीच राहील.

संक्रांतीचं मनावर घेऊ नका. इथे काही कमी नाही. शेजारच्या क्वार्टरमधली रंजीता बदली होऊन गेली. आता संध्याकाळी माझा नळ टपकतो तेवढाच आवाज. वॉशर आणून ठेवला आहे, बसवलेला नाही.

प्रकृतीस जपावे.

उर्वशी

कुरखेडा, २७ डिसेंबर

चि. उर्वशीस, अ. आ.

व्हॉल्व्ह दोन्हीकडून हवा सोडते. नवीन इथी भेटत नाई. पण टाकी भरलेली पाहिजे असं तूच लिवलं, म्हणून म्या सायकलचा पंप लावला. झडपीपाशी फुस्स झालं. आता गाडी उभी असली तरी हवा काचेवरच.

प्रफुल्ल पोट धरून हासला. मले हासू आलं नाई. तुही आई गेल्यापासून घर बोलत नाई, म्हणून रोज गाडी अंगणात सुरू करून आत बसतो. इंजिन तरी बोलते. संक्रांतीले काई येत नाई मी. रागावू नको.

तुहा बाबा

गडचांदूर, ४ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न.

चूक शब्दाची, आणि शब्द माझा. व्हॅक्यूम भरता येत नाही. त्या नळीत हवा नसते, ओढ असते. ओढ संपली की स्प्रिंग झडपेला काचेकडे ढकलते, निदान चालवणाऱ्याला रस्ता दिसावा म्हणून. पंपाच्या दाबाने झडपेमागचा रबरी पडदा फाटला असणार.

पडदा आणि व्हॉल्व्ह नागपूरहून मागवले, काल आले. पार्सलने पाठवता आले असते. पण पडद्याची कड बोटांनी चाचपत बसवावी लागते, ते पत्रात लिहिता येत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बसने येते. तोवर पंप प्रफुल्लकडे ठेवा.

काम दोन तासांचं आहे. रजा आठवड्याची टाकली आहे.

बाकी समक्ष.

उर्वशी