छत्रीचं तोंड ईशान्येला

२१ जानेवारी, मंगळवार
केबलचा डबा आज भंगारात दिला. किळस आलती त्याची. बातम्यांत किंचाळणारी माणसं, सिरियलमध्ये दागिने घालून झोपणाऱ्या बायका. थू! आता गच्चीवर आपली स्वतःची डिशची छत्री, कॉम्प्युटरात टीव्ही दिसायचं ट्यूनर कार्ड, वर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम. अख्ख्या चौसाळ्यात लिनक्सवाला मी एकटा.
वनमाला म्हणाली, अहो, दोन तारखेला संस्कृतीची फायनल टीव्हीवर दाखवणार हायेत, ध्यानात हाय ना? आपली पोरगी जिल्ह्याच्या खो-खो टीमची कॅप्टन हाय, ध्यानात नसायला काय झालं? म्हटलं, तोवर शंभर चॅनेल लावून देतो.

२२ जानेवारी
छत्री बसवली. तोंड ईशान्येला. देवघर ईशान्येला, पाण्याचा हौद ईशान्येला, मग सिग्नल काय आग्नेयेकडून येणार? गावातल्या बाकी सगळ्या छत्र्या आग्नेयेला तोंड करून. मेंढरं साली!
स्कॅन लावला. चॅनेल शून्य. कार्ड नवीन हाय, बुजलं असेल.

२४ जानेवारी
स्कॅनला आधी आपल्या भागाची फाइल द्यावी लागते म्हणे. यादी उघडली. जर्मनीतली खेडीपाडी हायेत, बीड न्हाई! मराठवाड्याला इथंही डावललं. खरमरीत मेल टाकला. तोवर जर्मनीची फाइल लावून बघितली. शून्य. जर्मनीचंही काही खरं न्हाई.

२७ जानेवारी
सरावाच्या शिबिरातून पोरीचा फोन. पप्पा, टीव्ही लागला का? म्हटलं, लागल्यात जमा. खूश झाली. म्हणाली, तुमी बघताय म्हणलं की मला पळायला जोर येतो.
लावणारच.

२९ जानेवारी
कॉम्प्युटर म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही. माझं घर, माझी लाइट, आणि परवानगी मला न्हाई? शिसारी आली. पासवर्ड टाकून दम भरला. गप चालू झाला. शून्य.
इंटरनेटवर विचारलं. कुण्या परदेशी शहाण्याचं उत्तर आलं, छत्रीची दिशा तपासा. त्याला काय कळतंय चौसाळ्यातलं?

१ फेब्रुवारी
सासरे आप्पाराव उमापूरहून आले, नातीची मॅच बघायला. संगं मेव्हणा अमरसिंह आणि जीपभर माणसं. आल्या आल्या गच्चीवर. म्हणाले, जावईबापू, समद्या गावाच्या छत्र्या तिकडं, आपलीच इकडं कावून? म्हटलं, मामा, यंत्रातलं तुमी मधी बोलू नका. वनमाला म्हणाली, एकदा फिरवून तर बघा. मला तर वीट आलाय या माणसांच्या अडाणीपणाचा.
शेजारच्या कय्युमभाईंचा निरोप, उद्या समदे आमच्याकडंच या मॅच बघायला. कळवलं, गरज न्हाई.

२ फेब्रुवारी, दुपार
सगळी कॉम्प्युटरपुढं दाटीवाटीनं बसली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळतायत. मेव्हण्याच्या बायकोनं विचारलं, यातली संस्कृती कोणती?
मॅचची वेळ झाली तसे सासरे उठले, चप्पल घातली, कय्युमभाईंकडं निघाले. मागं सगळी. वनमाला दारात थांबली, चला ना म्हणाली. म्हटलं, जा तुमी, लावतो आणि बोलावतो.
गच्चीवर गेलो. कुणी बघत न्हाई असं बघून छत्री आग्नेयेला फिरवली. तत्त्व सोडलं न्हाई, नुसता प्रयोग. शेजारून आरडाओरडा, शिट्ट्या. खाली पळालो, स्कॅन लावला. आले! भजनाचं आलं, भोजपुरी आलं, तेलमालिशचं आलं. मॅच ज्याच्यावर होती ते सरकारी मराठी चॅनेल शेवटी आलं. चित्र एकदम शुद्ध. मॅच संपलेली, एक साहेब उसावरची कीड समजावून सांगत होते. बाहेर आमच्या माणसांनी फटाके लावले.

संध्याकाळी
पोरीचा फोन. पप्पा, जिंकलो! म्हटलं, बघितलं की, लई भारी पळालीस. तिनं विचारलं, कप घेतल्यावर माइकवर मी तुमच्याविषयी बोलले, ते ऐकलं? म्हटलं, हो तर. म्हणाली, सांगा बरं काय बोलले.
म्हटलं, आवाज जरा खरखरत होता.
ती म्हणाली, मम्मीकडं द्या फोन.
दिला. माइकवर काय बोलली ते घरात सगळ्यांना माहीत हाय. कय्युमभाईंनाबी माहीत हाय. मी अजून कुणाला विचारलेलं न्हाई.