हरणांचा वळसा

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही गेला.

कामावरच्या मंडळींनी परवा धरण आणि लगतचं अभयारण्य दाखवायला नेलं. याच पाण्याखाली आपलं घर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पाणी बरंच खाली गेलंय. विहिरीचा कठडा दिसला, त्यावरून घराची जागा कळली. तिथे नुसता चिखल, एक वीटही नाही. संध्याकाळी हरणं पाण्यावर आली. सरळ येता येता तिथेच वळली, मग पुन्हा सरळ झाली. वनरक्षक म्हणाला, "नेहमी असंच करतात. का, देव जाणे!" अगं, ती आपल्या भिंतीला वळसा घालत होती.

गाव सोडताना आईने बुडणाऱ्या घराला कुलूप लावलं, तेव्हा आपण किती हसलो! किल्ली अजून उशाखाली ठेवते का? झोपेतून उठून दार शोधते, ते कमी झालं का?

पाण्याला हात लावायला मीही उतरलो. नाकासमोर चालत गेलो, असंच वाटलं. मागे पाहिलं, तर चिखलात माझीही पावलं तिथेच वळलेली.

आईला सांग, कुलूप शाबूत आहे.

तुझाच,
धाकटा